४५ मिमी रुळांवरची ट्राम: चारचाकी, बोगीवाली की स्वतः बांधलेली मुंबईची?

गच्चीकर:
रूळ घेऊन झालेत, ट्राम ठरत नाहीये. तपशील असा. गेज (दोन रुळांमधलं अंतर) ४५ मिमी, पितळी रूळ. गच्चीवर ५.५ × २.४ मीटर जागा, तीन बाजूंना कुंड्या, चौथीकडे कठडा. आर-१ (सगळ्यांत आवळ) वळणाचे १२ तुकडे, ३० सेंमीचे २४ सरळ तुकडे, गाडी बाजूच्या रुळावर वळवणारा एक डावा आणि एक उजवा सांधा. साधा डीसी कंट्रोलर, २४ व्होल्टपर्यंतचा. पावसाळ्याचे चार महिने सगळं उचलून आत.

पर्याय तीन. एलजीबी या जर्मन कंपनीची पिवळी चारचाकी ट्राम (मॉडेल क्र. २०३५), वापरलेली, ट्रेलरसकट. दुसरी ५८ सेंमी लांबीची आठचाकी, बोगीवाली (खाली पुढे-मागे दोन वळणाऱ्या चारचाकी चौकटी), १:२२.५ ची, म्हणजे खऱ्याच्या साडेबाविसाव्या हिश्शाची. तिसरी मुंबईची ट्राम. ती तयार मिळत नाही, म्हणजे बॉडी बांधणं आलं. दिसायला तिसरी हवी, धावायला पहिली बरी असा अंदाज आहे. आर-१ वर कोण टिकेल?

साडेबावीस:
आधी प्रमाण ठरवा, मग ट्राम. ४५ मिमीवर काहीही धावतं, म्हणून "जी स्केल" या नावाखाली काहीही विकलंही जातं. हिशेब सोपा आहे. खऱ्या गाडीचं गेज मिलिमीटरमध्ये घ्या आणि ४५ ने भागा. मीटरगेजला २२.२ येतात, एलजीबीने १९६८ मध्ये सुरुवात केली ती १:२२.५ धरून, त्याचं कारण हेच. बासेल, झुरिक, फ्रायबुर्ग या मीटरगेज ट्राम तिथे बसतात. लिस्बनचं गेज ९०० मिमी, म्हणजे बरोबर १:२०. हाँगकाँगच्या डबलडेकर १०६७ वर धावतात, भागाकार २३.७, म्हणजे १:२४. आणि १४३५ चं स्टँडर्ड गेज घेतलं की ३१.९, म्हणजे १:३२. मुंबई आणि कोलकाता दोन्ही या शेवटच्या खान्यात.

१७० सेंमीचा माणूस १:२२.५ ला साडेसात सेंमीचा होतो, १:३२ ला सव्वापाच. १:२२.५ च्या ट्रामशेजारी १:२४ च्या डायकास्ट मोटारी खपून जातात. १:३२ ला ५४ मिमीचे खेळण्यातले सैनिक (रंग बदलून प्रवासी होतात) आणि खेळण्यातले ट्रॅक्टर चालतात. पण दोन्ही प्रमाणांच्या ट्राम एकाच थांब्यावर उभ्या केल्या की एक राक्षस आणि एक बाळ दिसतं. तुमचा पर्याय १ आणि पर्याय ३ शेजारी नांदणार नाहीत.

पाणसळ:
प्रमाण नंतर बघू हो. आर-१ म्हणजे ६०० मिमी त्रिज्या, हाच इथला खरा मालक आहे. ट्राम त्याला विचारून घ्यायची.

वळणावर गाडीची टोकं बाहेर फेकली जातात आणि पोट आत येतं. दोन्ही आकडे कागदावर निघतात. पोट किती आत येतं ते असं: दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर (चारचाकीला दोन ॲक्सलमधलं), त्याचा वर्ग, भागिले आठ पट त्रिज्या.

तुमची आठचाकी ५८ सेंमीची आहे, बोगींमधलं अंतर ३०० मिमी धरतो. ३०० × ३०० = ९०,०००, भागिले ४,८००, म्हणजे जवळपास १९ मिमी. गाडी १०० मिमी रुंद असेल तर आतल्या बाजूला रुळाच्या मध्यापासून ६९ मिमी मोकळे हवेत. बाहेरचा कोपरा मात्र ९५ मिमीपर्यंत जातो. सरळ रुळावर तोच कोपरा ५० वर असतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

चारचाकीला बघा. लांबी ३५५, रुंदी ९३, ॲक्सलमधलं अंतर ८० मिमी धरलं तर पोट जेमतेम सव्वा मिमी आत येतं आणि बाहेरचा कोपरा ७० मिमीवर. म्हणजे एकेरी रुळाला कुंडी ८० मिमीवर ठेवली तरी ट्राम सुखरूप जाते. आठचाकीला तीच कुंडी ११० वर सरकवा.

आकडेमोडीवर विश्वास नसेल तर पुठ्ठा कापा. गाडीच्या मापाचा आयत, बोगींच्या मध्यावर दोन भोकं, भोकांत दोन खिळे खाली काढून रुळांच्या मधोमध धरायचे आणि पुठ्ठा वळणातून सरकवायचा. चारी कोपऱ्यांना पेन्सिल लावली की खालच्या फळीवर पूर्ण रेघ उमटते. ती रेघ ही तुमची हद्द. वळण सुरू होतं त्या जागी जास्त लक्ष द्या. पुढची बोगी वळणात आणि मागची अजून सरळ रुळावर असताना टोक अचानक बाहेर झेपावतं. बोगद्याचं तोंड, खांब, थांब्याची शेड नेमकी तिथे बांधायचा मोह होतो.

आणखी एक. डाव्या वळणाला लगेच उजवं वळण जोडू नका. आर-१ ला आर-१ उलटं जोडलं तर ट्राम आणि ट्रेलरची समोरासमोरची टोकं विरुद्ध दिशांना प्रत्येकी २५ मिमी जातात. एकूण ५० मिमीची तफावत जोडणीचा दांडा सोसत नाही आणि ट्रेलरचं हलकं पुढचं चाक उचललं जातं. मध्ये एक ३० सेंमीचा सरळ तुकडा टाकला की प्रश्न मिटतो. सांध्यातून बाजूच्या रुळावर जातानाही हेच होतं, त्यामुळे दोन्ही सांधे पाठीला पाठ लावून ठेवू नका.

बोरीबंदर:
मुंबईच्या ट्रामवर लिहितो. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला, डबलडेकर १९२० मध्ये आली आणि शेवटची फेरी ३१ मार्च १९६४ ला झाली. १:३२ च्या हिशेबात तुमचं आर-१ म्हणजे १९.२ मीटर त्रिज्येचं खरं वळण. शहरातल्या ट्रामला हे अगदी शोभतं. १:२२.५ मध्ये तेच आर-१ साडेतेरा मीटर होतं, जरा जास्तच आवळलेलं. आगगाडीच्या डब्यांना आर-१ वर बघवत नाही, ट्रामला बघवतं. गच्चीसाठी ट्राम निवडायला एवढं कारण पुरेसं आहे.

बॉडीचं माप नसेल तर जुन्या फोटोवरून काढा. गाडी समोरून, सरळ काढलेली असेल तर रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे १४३५ मिमी. फोटोवर ते पट्टीने मोजा, रुंदी आणि उंची त्याच पट्टीने मोजा, त्रैराशिक मांडा. मात्र रूळ गाडीच्या तोंडाच्या जवळ, जिथे चाक टेकलंय तिथेच मोजायचा. पुढे कॅमेऱ्याकडे आलेले रूळ रुंद दिसतात आणि सगळी गाडी बारीक निघते. बाजूच्या फोटोत गेज दिसत नाही, तिथे नुकत्याच काढलेल्या उंचीवरून लांबी काढा.

बॉडीला ३ मिमी सनबोर्ड आतून आणि १ मिमी स्टायरीन शीट बाहेरून. नुसता सनबोर्ड उन्हात वाकतो, नुसत्या स्टायरीनला जोर नाही. खिडक्यांचे खांब आधी शीटवरच कापून घ्या, एकेक खांब नंतर चिकटवायला गेलात तर रांग सरळ येत नाही. छताला आडव्या चार फासळ्या द्या.

तयार मोटार ब्लॉक (मोटार, गिअर आणि चाकं एकत्र असलेला संच) वापरणार असाल तर अडचण चाकांची. खऱ्या ट्रामचं चाक साधारण ८०० मिमी व्यासाचं, १:३२ ला ते २५ मिमी होतं. १:२२.५ साठीच्या ब्लॉकची चाकं त्याहून मोठी. ती बाजूच्या ट्रक-फ्रेमच्या (चाकांच्या चौकटीच्या) नक्षीमागे आणि पायऱ्यांमागे लपवा. नाहीतर गाडी उंटावर बसल्यासारखी दिसते.

साडेबावीस:
@बोरीबंदर, वेगाचं राहिलं. ताशी २० किमीची ट्राम १:२२.५ ला सेकंदाला २५ सेंमी जाते, १:३२ ला १७ सेंमी. गच्चीकरांचा लंबगोल, बारा वळणं आणि दोन्हीकडे बारा-बारा सरळ तुकडे धरले तर, ११ मीटरचा होतो. १:२२.५ ची फेरी ४४ सेकंदांत, १:३२ ची ६३ सेकंदांत व्हायला हवी. तयार ब्लॉक इतका हळू, न अडखळता चालतो का हे आधी तपासा. बरेच ब्लॉक या वेगाला हिसके देतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा. डोळ्याला बरा वाटणारा वेग बहुतेक वेळा दुप्पट निघतो.

गच्चीकर:
म्हणजे आठचाकी बाद. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कुंड्या आहेत आणि त्या हलणार नाहीत. वापरलेली चारचाकी घेताना काय बघू? आणि वीज रुळांतूनच ठेवू की बॅटरी टाकू?

राईनकाठ:
वापरलेली ट्राम इथे जर्मनीत बाजारात भरपूर येते. तपासणी पाच मिनिटांची आहे.

उलटी करा. साध्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन टोकं डाव्या आणि उजव्या चाकाला लावा. चाकं हळू, एकसारखी फिरली पाहिजेत. दर फेरीला एक "टक" ऐकू आला तर ॲक्सलवरच्या प्लास्टिक गिअरला चीर गेलेली असते. मोटार फिरते आणि एक चाकजोडी बोटाने सहज थांबवता येते, तेव्हाही तेच. गिअर बदलता येतो, पण किंमत त्या हिशेबाने पाडा.

चाकांचा चकचकीत मुलामा बघा. धावेवर पिवळसर पितळ उघडं पडलं असेल तर ती गाडी खूप पळाली आहे. पितळ उघडं पडलं की चाकावर काळा थर लवकर धरतो आणि दिवे लुकलुकतात. एका चाकाला रबरी टायर असेल तर तो तडकलाय का पाहा. तो स्वस्त आहे, पण टायरवाल्या चाकातून वीज येत नाही हे लक्षात ठेवा.

चाकांच्या मधे रुळावर घासणारे दोन धातूचे घोडे असतात, ते बोटाने दाबून सोडा. स्प्रिंगने परत यायला हवेत. अडकले असतील तर सांध्याच्या प्लास्टिकच्या भागावर गाडी थांबणार म्हणजे थांबणार. चारचाकीचे ॲक्सल जवळजवळ असतात, त्यामुळे दोन्ही चाकं एकदम मृत भागावर येतात. घोडे तिला तिथून ओढून नेतात.

व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) असेल तर एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर मोजा. ४० मिमीच्या आसपास हवं. ३९ च्या खाली गेलं असेल तर सांध्यात चाक चढतं.

जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्लास्टिकला चालणारं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं, गिअरवर. पेट्रोलने धुवू नका, बॉडीचं प्लास्टिक पांढरं पडतं. पिवळ्या बॉडीवर एक बाजू फिकट दिसली तर ती खिडकीत ठेवलेली गाडी. चालण्याला फरक पडत नाही, भाव करायला उपयोगी.

अवांतर: अमेरिकेतून सेट आणत असाल तर त्यातला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो २३० च्या प्लगमध्ये घालू नका. ट्राम चालेल, ट्रान्सफॉर्मर मात्र जळेल.

फिशप्लेट:
रुळांतून वीज ठेवा. ११ मीटरसाठी बॅटरीचा व्याप कशाला? पण जोडण्यांकडे बघा. ३६ तुकडे, म्हणजे ३६ जोड, दोन रूळ, म्हणजे ७२ फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या). त्यातली एक सैल असली तरी लांबच्या टोकाला ट्राम मंदावते आणि दोष मोटारीला जातो.

प्रत्येक फिशप्लेट पकडीने हलकी दाबून घट्ट करा, आत ग्रॅफाइटचं वीजवाहक ग्रीस टाका, मग जोडा. वीज एकाच जागी देऊ नका. लंबगोलाच्या दोन सरळ बाजूंच्या मध्यावर दोन जागी द्या, १.५ स्क्वेअर एमएम वायरने, रंग पाळून. लाल बाहेरच्या रुळाला असेल तर दोन्हीकडे बाहेरच्याच. उलटं झालं की शॉर्ट. सांध्याचे तुकडे मध्ये आले तर त्यांच्या पुढे-मागे रूळ ते रूळ वायरची उडी मारून डाख द्या. पितळाला डाख द्यायला ६० वॉटपेक्षा मोठी सोल्डरिंगची इस्त्री घ्या आणि आधी खरवडा. छोट्या इस्त्रीने रूळ सगळी उष्णता पितो, डाख वरवर बसतो आणि स्लीपर (रुळाखालची प्लास्टिकची आडवी पट्टी) मात्र वितळतो.

आता ऊन. पितळ दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला ०.०१९ मिमी वाढतं. पहाटे १५ आणि दुपारी उन्हात रूळ ६० अंश धरा, म्हणजे ४५ अंशांचा फरक. ११ मीटरला ९ मिमीच्या वर वाढ! तीस सेंमीचे तुकडे असल्याने ती जोडाजोडांत वाटली जाते, जोडाला पाव मिमी. म्हणून दुपारी रूळ जोडत असाल तर टोकं भिडवा, पहाटे जोडत असाल तर पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. आणि सगळे जोड क्लॅम्पने किंवा डाख देऊन पक्के करू नका. तसं केलं की वळण बाहेर फुगतं.

रूळ फळीला स्क्रूने आवळूही नका. स्लीपरचं भोक स्क्रूपेक्षा मोठं करा आणि स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवा.

फळी कशाची? बारा मिमीचा सिमेंट बोर्ड, खाली दर ६० सेंमीवर वीट. साधा प्लायवूड एका पावसात पापुद्रे सोडतो. गच्चीला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की ट्रामचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटेल. गच्चीला पाण्यासाठी उतार असतोच, तो विटांखाली पाचरी देऊन मारा. या कामाला आपले @पाणसळ आहेतच.

बिनतारी:
@फिशप्लेट, ७२ जोडांचं जे पुराण लिहिलंत तेच बॅटरीचं समर्थन आहे. चार १८६५० सेल, १४.८ व्होल्ट, सेल २.६ अँपिअर-तासाचे. चारचाकी ट्राम ट्रेलरसकट ०.६ अँपिअर खात असेल तर चार तास चालते. रूळ पुसणं नाही, सांध्यावर अडकणं नाही.

जागेचं सांगतो. चार सेल शेजारी ठेवले तर ७२ × ६५ मिमी. ट्राममध्ये मोटार मधोमध असल्याने तिथे बसत नाहीत. छतात बसतात, पण तिथे ठेवू नका, वजन वर गेलं की आर-१ वर गाडी डुलते. सेल आणि रिसीव्हर ट्रेलरच्या जमिनीवर, बाकांखाली ठेवा आणि दोन पिनांच्या प्लगने वायर पुढे न्या. ट्रेलरला वजन आलं की तो रूळही कमी सोडतो. बीएमएस (सेलचं संरक्षण करणारं) सर्किट लावलेलाच पॅक घ्या. आणि मोटारीची रुळांकडून येणारी वायर कापल्याशिवाय बॅटरी जोडू नका. रुळांत वीज असलेल्या मांडणीवर चुकून ठेवली तर दोन्ही पुरवठे एकमेकांवर येतात.

फिशप्लेट:
आणि गच्चीवर उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात लिथियम सेल? ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर चालवलेला पॅक खाली आणून गार होईस्तोवर थांबा, मग चार्ज करा. हे पाळणार असाल तर बॅटरी ठीक. माझं मत बदललेलं नाही, ११ मीटरला रुळांतूनच.

ओव्हरहेड:
वरच्या तारेचं कुणी बोललं नाही अजून. ट्राम आहे तर तार हवीच, पण चालू तार हवी का ते ठरवा.

खरी तार रुळापासून साडेपाच ते सहा मीटरवर असते, १:२२.५ ला २४५ ते २६५ मिमी. सरळ भागात खांब १.१ ते १.३ मीटरवर. खरा घोळ वळणावर होतो. तार दोन खांबांमध्ये सरळ जाते, रूळ मात्र वळतो. आर-१ वर खांब ३०० मिमीवर ठेवले तर मध्यावर तार रुळाच्या मध्यापासून १९ मिमी आत सरकते. ट्रॉलीच्या दांड्याचं (छतावरून तारेला टेकणाऱ्या) टोक तेवढं आडवं जात नाही, ते सटकतं. दांड्यासाठी वळणावर दर २०० मिमीला तार ओढून धरावी लागते, तेव्हा सरकणं ८ मिमीवर येतं. बारा तुकड्यांच्या वळणांना असे १९ आधार! पँटोग्राफला (छतावरच्या घडीच्या चौकटीला) एवढं लागत नाही, त्याची पट्टी रुंद असते, ३०० मिमीवर काम भागतं.

शिवाय दांडा एकाच दिशेला ओढला जातो. ट्राम उलटी न्यायची तर दांडा फिरवावा लागतो. लंबगोलात गोल-गोल फिरणार असेल तर अडचण नाही.

माझा सल्ला: तार बिनविजेची ठेवा, १ मिमी कडक पितळी तार (तांब्याची मऊ असते, दोन आठवड्यांत झोळ पडतो), आणि दांडा तारेच्या ४ मिमी खाली बारीक दोऱ्याने बांधून ठेवा. खऱ्या ट्रामलाही मागे दोरी लोंबत असायचीच, त्यामुळे कुणाला खटकणार नाही.

गच्चीकर:
सगळ्यांचे आभार. बॅटरी नको, तार बिनविजेची. एक प्रश्न उरतो. थांब्याजवळ रूळ फरसबंदीत बुडवलेले हवे आहेत. सिमेंट ओतलं तर चाक अडकेल का? आणि एका बाजूच्या रुळावर ट्राम आपोआप मागे-पुढे करता येईल का?

पाणसळ:
फरसबंदी फक्त सरळ भागात करा, चार तुकडे, १.२ मीटर पुरे. वळणावर करू नका, तिथे फ्लँज (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) कडेला घासतो आणि खोबण आणखी रुंद लागते.

ओतण्याआधी त्या चार तुकड्यांच्या जोडांवर वायरची उडी डाखून घ्या, नंतर हात पोचणार नाही. रुळाच्या आतल्या कडेला ६ मिमी जाडीची पीव्हीसी पट्टी उभी लावा, तिला तेलाचा हात द्या. सिमेंट एक भाग, चाळलेली बारीक रेती चार भाग, पाणी बेताचं. मधला भाग रुळाच्या डोक्यापेक्षा १ मिमी खालीच थांबवा. दोन कारणं: रूळ पुसताना फडकं सिमेंटवर घासत नाही आणि गाडीखालचा गिअरबॉक्स टेकत नाही. मिश्रण हाताला घट्ट लागू लागलं पण अजून नखाने ओरखडा पडतोय, त्या वेळी पट्टी सरळ वर काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड तुटून येते. खोबण ५ मिमी खोल मिळाली पाहिजे. एलजीबीचा फ्लँज ३ मिमीच्या आसपास असतो, बाकीचे २ मिमी कचऱ्यासाठी.

दर तुकड्याच्या जोडावर सिमेंटमध्येही कापाची रेघ ठेवा, नाहीतर वर सांगितलेली वाढ स्वतः चीर पाडेल, आणि वाकडी पाडेल. विटांचा आकार ओल्या सिमेंटवर पट्टीने कोरा. थांब्याची फळी बाकीच्यांपेक्षा वेगळी ठेवा, कारण ती पावसाळ्यात उचलताना दोन माणसं लागणार. ओली फरसबंदी दोन रुळांत थोडी वीज गळवते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर वाळू द्या, मग चालवा.

चालवण्याआधी खोबणीतून जुना टूथब्रश फिरवायचा. एक मातीचा खडा चारचाकीला उचलायला पुरतो.

फिशप्लेट:
मागे-पुढेची सोय डायोडने (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) होते. बाजूच्या रुळाच्या दोन्ही टोकांना, शेवटापासून ६० सेंमीवर, एका रुळात प्लास्टिकची फिशप्लेट घालून वीज तोडा. त्या फटीवर १एन५४०१ डायोड जोडा, ३ अँपिअरचा आहे, पुरतो. ट्राम त्या भागात शिरली की वीज बंद, थांबते. कंट्रोलरची दिशा उलटली की डायोड वीज सोडतो आणि ट्राम बाहेर येते. ट्राम न थांबता धडकायला निघाली तर डायोड उलटा लागलाय, फिरवा. दिशा आपोआप उलटायला वेळेचं सर्किट आणि दुहेरी रिले, २० ते ३० सेकंदांवर. या रुळाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला लागणाऱ्या वेळापेक्षा थोडा जास्त वेळ ठेवा, म्हणजे ट्राम थांब्यावर उभी राहते.

इथे एक हमखास चूक होते. ट्रेलरच्या दिव्यांना त्याच्या चाकांतून वीज घेतलेली असेल आणि ती वायर पुढच्या ट्रामला जोडलेली असेल, तर पुढची गाडी मृत भागात गेली तरी मागचा ट्रेलर तिला वीज पुरवत राहतो. ट्राम थांबतच नाही, शेवटच्या खुंट्यावर आपटते. एकतर ती वायर काढा, नाहीतर मृत भाग ट्राम अधिक ट्रेलर अधिक २० सेंमी एवढा करा. शेवटी आडवा खुंटा तरीही लावाच, लाकडी, स्प्रिंगसकट.

डीसीसी (डिजिटल नियंत्रणाचा) डिकोडर बसवलेली ट्राम घेतलीत तर हा डायोडचा खेळ तसाच चालेल असं धरू नका. साध्या डीसीवर चालायची सोय डिकोडरमध्ये सुरू आहे का ते विकणाऱ्याला आधी विचारा.

राईनकाठ:
मागवताना एवढंच: भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस चिन्ह सक्तीचं आहे आणि शुल्कही जबर आहे. पार्सल अडकू शकतं. सोबत लिथियम सेल तर मुळीच मागवू नका, ते इथेच घ्या. कुणी येणाऱ्याच्या सामानातून ट्राम आणत असेल तर ट्रॉलीचा दांडा काढून वेगळा गुंडाळा, प्रवासात तुटतो तो हाच.

बोरीबंदर:
म्हणजे मुंबईची ट्राम राहिलीच म्हणा की!

गच्चीकर:
राहिली नाही, पुढे ढकलली. चारचाकी घेतो आणि तिच्या ब्लॉकची चाकं मोजतो. सेकंदाला १७ सेंमीला न हिसकता चालली तर १:३२ ची बॉडी त्याच मापाच्या दुसऱ्या ब्लॉकवर. @पाणसळ, पुठ्ठा ३५५ × ९३ चा कापला, खिळे ८० मिमीवर. बाहेरची रेघ रुळाच्या मध्यापासून ७१ वर उमटली. तिन्ही बाजूंच्या कुंड्या ९० च्या पलीकडे आहेत. कठड्याच्या बाजूला मात्र पाण्याचा पाइप ६८ वर येतोय.

पाणसळ:
पाइप हलणार नाही, रूळ हलवा. कठड्याकडच्या सरळ बाजूचा एक तुकडा काढलात तर समोरच्या बाजूचाही एक काढा, नाहीतर लंबगोल जुळणार नाही. वळण ३० सेंमी अलीकडे येईल आणि पाइप सरळ भागाच्या रेषेच्या बाहेर पडेल. पुन्हा पुठ्ठा फिरवा आणि आकडा टाका.